डोंगर मातीच्या किल्ल्यासारखा का दिसतो?

प्रश्न : ब्लेंडर या त्रिमितीय चित्रं बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये सह्याद्रीचा देखावा केलाय. उंचसखलपणा उपग्रहाच्या ३० मीटर जाळीवरून (दर ३० मीटरला उंचीची एक नोंद) घेतला. पाहणारे म्हणतात, ‘दिवाळीतला किल्ला वाटतो.’ नेमकं काय सुधारू?

उत्तर : शेरा अगदी नेमका आहे. दोष मधल्या हवेचा. पाच किलोमीटरवरचा डोंगर जवळच्या दगडाइतकाच गडद दिसला, की तो हातभर वाटतो. सगळा देखावा सामावेल एवढा ठोकळा ठेवून त्याला व्हॉल्यूम स्कॅटर (धुक्यासारखा उजेड विखुरणारा गुणधर्म) द्या. एकक मीटर असेल तर घनता ०.०००२, मग ५ किमीवर डोंगराचा स्वतःचा उजेड सुमारे ३७ टक्के उरतो. चुकून ०.००२ टाकलंत तर डोंगरच गायब!

सूर्याच्या दिव्याचा कोन, म्हणजे सूर्यबिंब किती रुंद दिसतं ते, अर्ध्या अंशाच्या आसपासच हवा. तो वाढवला की सावल्यांच्या कडा पसरतात, आणि देखावा पुन्हा खेळण्यातला.

बेसॉल्टचे उभे कडे ३० मीटरच्या जाळीत घसरगुंडी होऊन बसतात. ४५ अंशांहून तीव्र उतारावर गवत काढून काळे आडवे थर द्या, मध्ये गवताची अरुंद पट्टी सोडा. सह्याद्री तिथेच ओळखू येतो.

पुढच्या वेळी कॅमेरा न हलवता, एकच बदल करून दोन्ही चित्रं शेजारी दाखवा. ‘कसं वाटतं?’ यापेक्षा ‘हा डोंगर किती लांब वाटतो?’ असं विचारा.