सिगारेटी मोजून झाल्यावर विचारायचं ते

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोत डॉक्टरीची रेसिडेन्सी मिळाली, खूप आनंद झाला. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या स्क्रीनिंगचे, म्हणजे लक्षणं नसतानाच कोणाचा लो-डोस (कमी किरणांचा) सीटी स्कॅन करायचा याचे निकष पाठ केलेस म्हणतेस. छान. पण त्यांतून कोण निसटतं, तेही जाण्याआधी समजून घे.

ते निकष सिगारेटी मोजतात. २०१३ साली अट होती वय ५५ ते ८० आणि ३० पॅक-वर्षं, म्हणजे रोज एक पाकीट अशी तीस वर्षं. कृष्णवर्णीय माणसं दिवसाला सहसा कमी सिगारेटी ओढतात, तरी हा आजार त्यांना कमी वयात गाठतो. कॅन्सर झालेल्या धूम्रपान करणाऱ्यांच्या एका अभ्यासात गोऱ्यांपैकी ५६ टक्के त्या अटीत बसत होते, कृष्णवर्णीयांपैकी फक्त ३२. २०२१ मध्ये वय ५० वर आणि पॅक-वर्षं २० वर आणली. फरक कमी झाला, गेला नाही.

पण तुझ्या दारात येतील नवाहो, तिथले मूळ रहिवासी. १९४४ ते १९८६ या काळात त्यांच्या जमिनीतून सुमारे ३ कोटी टन युरेनियमचं खनिज काढलं गेलं. सुरुंग उडाला की धूळ खाली बसायच्या आत माणसं आत पाठवली जायची. तहान लागली की खाणीत झिरपणारं पाणी प्यायची. धुळीने माखलेले कपडे तसेच घरी यायचे, धुवायला बायको. युरेनियमच्या खनिजातून निघणारा रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू श्वासातून आत जातो, त्याच्या विघटनातून झालेले कण श्वासनलिकेच्या अस्तराला चिकटतात आणि तिथूनच अल्फा किरण सोडत राहतात. सरकारी आरोग्य खात्याने १९५० पासून या कामगारांना तपासलं, पण धोका सांगितला नाही. मला याचा आजही संताप येतो. १९६९ ते १९९३ दरम्यान फुफ्फुसाचा कॅन्सर झालेल्या नवाहो पुरुषांपैकी सुमारे दोन-तृतीयांश या खाणींत राबलेले होते. सिगारेट फार थोड्यांनी ओढलेली. अशा माणसाचा फॉर्म भरलास तर तो 'अपात्र' ठरेल.

माझ्या हातून असंच झालंय. खोकला, वजन उतरलेलं, एक्स-रेवर डाग. बाईंनी विडीला हातही लावलेला नव्हता, म्हणून मी टीबीच धरला. सहा महिने गोळ्या दिल्या. कॅन्सर कळला तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही.

म्हणून विचारत जा: कामाला कुठे होतात? कुठली खाण, कुठल्या साली? वडील, नवरा कुठे होते? उत्तर केसपेपरवर नीट लिही, भरपाईच्या दाव्यात तोच कागद लागतो. १९९० च्या भरपाई कायद्यानंतर कितीतरी विधवा अडल्या, कारण लग्न त्यांच्या रीतीने झालेलं आणि दाखला नाही.

ज्याचे वडील किरणोत्सर्गाने गेले, तो सीटी स्कॅनला घाबरणारच. त्याला घाई करू नकोस. लो-डोस सीटीत सुमारे दीड मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाच्या मात्रेचं माप) मिळतात. निसर्गातून अमेरिकेत माणसाला वर्षाला साधारण तीन. हे खरं सांग, आणि नुसत्या भीतीपोटी स्कॅन टळू देऊ नकोस.

जुन्या नवाहो भाषेत किरणोत्सर्गाला शब्दच नव्हता. युरेनियमला ते लीत्सो म्हणतात, पिवळी माती. पहिल्याच आठवड्यात दुभाष्याजवळ बस आणि हा शब्द त्यांच्यासारखा उच्चारायला शीक.

तुझा,
सर