ढग चढायला लागला की गोल विसर

ऑस्ट्रेलियातल्या फोर्ब्सच्या सपाट प्रदेशात विनाइंजिन ग्लायडरची पहिली क्रॉस-कंट्री स्पर्धा (लांब अंतर कापून ‘गोल’ या ठरलेल्या शेवटच्या ठिकाणी पोचायची) उडणार आहेस, तर सकाळचा अंदाज दुपारी शिळा झाला असं धरूनच चाल. थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या तापलेल्या हवेत, घिरट्या घेताना नुसता व्हेरिओ (चढ-उतार आवाजाने सांगणारं यंत्र) ऐकू नकोस, पुढच्या ढगांचे तळ बघ. तळ काळा, रुंद आणि ढग रुंदीपेक्षा उंच वाढतोय? गोल सोड, लगेच बाजूला नीघ. वेग वाढवूनही वर खेचला जाऊ लागलास, तर फार उशीर झालेला असतो. ऑस्ट्रेलियातच, मॅनिला गावाजवळ, २००७ मध्ये एवा विस्निएर्स्का ही पॅराग्लायडर पायलट वादळी ढगात ९,९०० मीटरच्या वर ओढली गेली. ती वाचली, त्याच वादळात सापडलेला दुसरा पायलट नाही वाचला. उंचावर सिरसचा, म्हणजे पातळ तंतूंसारख्या ढगांचा, पडदा आला की थर्मल मंदावतात, तेव्हा घाई न करता मिळेल ती उंची घे. उतरताना धूळ बघूनच वाऱ्याची दिशा ठरव.