वटहुकूम, अध्यादेश आणि बिचारा जीआर

प्रश्न असा आलाय की वटहुकूम आणि अध्यादेश एकच का वेगवेगळे, आणि "शिक्षकांच्या बदल्यांचा नवीन अध्यादेश निघाला" हे वाक्य बरोबर आहे का.

पहिल्या भागाचं उत्तर सोपं, एकच. दोन शब्द, वस्तू एक. राज्यघटनेच्या मराठी आवृत्तीत आणि राजपत्रात 'अध्यादेश' असतो, पेपरवाले आणि जुनी माणसं 'वटहुकूम' म्हणतात. अध्यादेश म्हणजे अधि + आदेश, अधिनियम, अधिसूचना यातलाच तो अधि. वटहुकूममधला हुकूम अरबीतून फारसीमार्गे आलेला, आणि वट म्हणजे वजन ("त्याची गावात वट आहे") असं धरलं तर अर्थ मस्त बसतो, पण मस्त बसला म्हणून व्युत्पत्ती खरी ठरत नाही, तेव्हा तो नाद सोडलेला बरा.

खरी भानगड दुसऱ्या भागात आहे. अध्यादेश हा शब्द दिसायला इतका भारदस्त आहे की सरकारने काढलेल्या कुठल्याही कागदाला आपण तो चिकटवतो. जीआर निघाला, अध्यादेश. परिपत्रक आलं, अध्यादेश. कलेक्टरने जमावबंदी लावली, तोही अध्यादेश! घटनेत मात्र या शब्दाला एकच नेमका अर्थ आहे. कलम १२३ खाली राष्ट्रपती आणि कलम २१३ खाली राज्यपाल, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने, सभागृहांचं अधिवेशन चालू नसताना जो तात्पुरता कायदा करतात तो अध्यादेश. तात्पुरता असला तरी कायदाच, म्हणजे आधीचा कायदा बदलायची ताकद त्याच्यात असते. पण आयुष्य मोजकं, अधिवेशन भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचं रीतसर कायद्यात रूपांतर झालं नाही तर तो आपोआप संपतो, आणि सभागृहांनी त्याआधीच नामंजूर केला तर तेव्हाच.

जीआर म्हणजे शासन निर्णय. तो मंत्रालयातला एखादा विभाग काढतो, आणि तो कायदा बदलू शकत नाही, कायद्याच्या चौकटीत राहून काम कसं चालवायचं एवढंच सांगतो. मग गोंधळ का होतो? माझ्या मते दोष त्या शेवटच्या ओळीचा आहे. कुठलाही जीआर उघडा, खाली असतं "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने" आणि त्याखाली सही उपसचिवाची नाहीतर कक्ष अधिकाऱ्याची. राज्यपाल पण आले, आदेश पण आला, आता वाचणाऱ्याने अध्यादेश म्हटलं तर त्याला काय बोलणार! प्रत्यक्षात ती ओळ कलम १६६ मुळे येते, राज्याचा सगळा कारभार कागदोपत्री राज्यपालांच्या नावानेच चालतो, मग विषय खुर्च्या खरेदीचा का असेना. अध्यादेशाचा थाटच वेगळा, वर "महाराष्ट्र अध्यादेश क्रमांक अमुक", मग ज्याअर्थी विधानमंडळाच्या दोन्ही सभागृहांचं अधिवेशन चालू नाही, त्याअर्थी... अशी लांबलचक सुरुवात, आणि काढणारे थेट राज्यपाल. या सुरुवातीवरूनच ओळखायचं.

तिसरा भिडू अधिसूचना. आधीच असलेल्या कायद्याने सरकारला दिलेला अधिकार वापरून ती काढतात. नोटाबंदी आठवा. ८ नोव्हेंबर २०१६ ला ५०० आणि १००० च्या नोटा गेल्या त्या रिझर्व्ह बँकेच्या कायद्याखालच्या अधिसूचनेने, आणि खरा वटहुकूम आला ३० डिसेंबरला, तोवर आपण सगळे दीड महिना बँकेच्या रांगेत उभं राहून "अध्यादेश अध्यादेश" करत होतो. २७ जानेवारी २०२४ ला वाशीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांच्या हातात जो कागद दिला गेला, सगेसोयऱ्यांचा, तोही टीव्हीवर दिवसभर अध्यादेशच होता. होती ती अधिसूचना, तीसुद्धा मसुदा, म्हणजे हरकती मागवण्यापुरती. आता हा फरक फक्त व्याकरणवाल्यांचा नाही, अध्यादेश त्याच दिवशी लागू होऊ शकतो आणि मसुदा म्हणजे अजून काहीच लागू नाही, शब्द चुकला की लोकांची अपेक्षाही चुकते.

खऱ्या वटहुकुमाची वट बघायची तर १९ जुलै १९६९, एका सहीत १४ बँका सरकारच्या झाल्या, संसदेचं अधिवेशन दोनच दिवसांवर असताना. सही करणारे व्ही. व्ही. गिरी तेव्हा हंगामी राष्ट्रपती होते आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला.

आणि या शब्दाचं पुण्याशीही नातं आहे बरं का. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्राध्यापक डी. सी. वाधवा बिहारमधल्या जमीन सुधारणांचा वगैरे अभ्यास करत होते तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की तिथे कायदे सभागृहात होतच नाहीत, नुसते अध्यादेश निघतात आणि मुदत संपत आली की तोच पुन्हा काढतात. १९६७ ते १९८१ मध्ये असे २५६, आणि ते १ वर्षापासून १४ वर्षांपर्यंत जिवंत ठेवलेले! ते सुप्रीम कोर्टात गेले आणि डिसेंबर १९८६ मध्ये कोर्टाने हा प्रकार म्हणजे घटनेची फसवणूक आहे असं सांगितलं. २०१७ मध्ये सात न्यायाधीशांच्या खंडपीठानेही तेच म्हटलं, वर अध्यादेश सभागृहापुढे ठेवणं बंधनकारक आहे हेही बजावलं.

मी स्वतः काय वापरतो? बोलताना आणि लिहिताना वटहुकूमच. मराठी म्हणून नव्हे, हुकूम काही मराठी नाही, तर जीआरला कोणी चुकूनही वटहुकूम म्हणत नाही म्हणून. अध्यादेश बोलण्यात इतका पातळ झालाय की तो ऐकला की "नक्की कुठला कागद?" हे विचारावंच लागतं. राजपत्रातलं अवतरण द्यायचं असेल तर अर्थात अध्यादेशच लिहायचं.

तुमच्या वाक्यात मात्र दोन्ही नकोत, शिक्षकांच्या बदल्या जीआरने होतात, तेव्हा "बदल्यांचा नवीन शासन निर्णय निघाला" किंवा सरळ "जीआर निघाला". आणि तुम्ही प्रश्नात 'वटहुकूमाचा' लिहिलंय, त्यातला कू ऱ्हस्व करा, वटहुकुमाचा.