चायनीज ड्रॅगन अळीसारखा का दिसतो?

प्रश्न: मुलगी सहावीत आहे, तिला चायनीज ड्रॅगन काढायचाय पण दरवेळी पाय लावलेली अळीच होते, पंख लावूनही बघितले. सुरुवात कुठून करायची?

उत्तर: पंख आधी खोडा, ते युरोपातल्या ड्रॅगनला, चायनीज ड्रॅगन शक्यतो बिनपंखाचाच उडतो. आणि डोक्यापासून सुरुवात नको, ते मोठ्ठं होतं मग शेपटीला कागदच उरत नाही. हलक्या हाताने कागदभर एक नागमोडी रेघ ओढायची, तिच्यावर एकमेकांना लागून गोल काढत जायचे, मानेपाशी लहान, पोटाशी मोठे, शेपटीकडे परत बारीक, आणि बाहेरून कडा जोडल्या की अंग तयार. अळी होते ती जाडी सगळीकडे सारखी ठेवल्यामुळे.

बाकीचं चिनी लोकांनी कधीच ठरवून ठेवलंय, शिंगं हरणाची, डोकं उंटाचं, मान सापाची, खवले कार्प माशाचे, नख्या गरुडाच्या, कान गाईचे. म्हणजे या प्राण्यांचे फोटो समोर ठेवून एकेक तुकडा गिरवता येतो. एकेका पायाच्या नख्या मात्र मोजा हां, पाचवाला ड्रॅगन बादशाही, जपानी ड्रॅगनला बहुतेक वेळा तीनच. खवले सगळ्यात शेवटी, तेही वळणांवर थोडेसेच, नाहीतर पोरगी कंटाळून उठेल.

चेन रोंग या चिनी चित्रकाराचं १२४४ सालचं नऊ ड्रॅगनचं चित्र तिला नेटवर दाखवा, बोस्टनच्या म्युझियममध्ये आहे ते. त्यात ड्रॅगनची अंगं कुठे ढगात कुठे पाण्यात गडप झालीत, त्यामुळे पाय जमत नसेल तिथे बिनधास्त ढग काढू दे.