मे महिन्यात भिगवणला जाऊ का?

प्रश्न : मे मध्ये नातू येतोय, त्याला फ्लेमिंगो बघायचेत. सगळे म्हणतात पक्षी बघायचे तर थंडीतच, उन्हाळ्यात नुसतं डोकं तापवून याल. खरंय का? – एक आजी, सोलापूर

उत्तर : आजी, जा, बिनधास्त जा, फक्त मे च्या पहिल्या आठवड्यात जा, शेवटच्या नको. थंडीचे पाहुणे म्हणजे पट्टकादंब, चक्रवाक वगैरे तोवर गेलेले असतात हे खरं, पण भिगवण उजनी धरणाच्या बॅकवॉटरवर आहे आणि उजनीचं गणित वेगळंय. धरण ११७ टीएमसीचं आणि त्यातला निम्म्याहून जास्त साठा मृत, म्हणजे टक्केवारीत न धरला जाणारा, म्हणून तर उन्हाळ्यात पेपरात "उजनी वजा अमुक टक्के" असं येतं, सोलापूरकरांना ते मी काय सांगायचं! तुमचं टेन्शन वाढतं तेव्हा रोहित, म्हणजे आपला फ्लेमिंगो, खूश असतो, कारण पाणी उतरलं की गाळ उघडा पडतो आणि त्याला घोटा-गुडघाभर पाणीच लागतं, मान खाली घालून चोच उलटी करून तो चिखलपाणी गाळून खातो. नातवाला हे दाखवाच, आणि थव्यात मळकट राखाडी दिसतात ती पिल्लं, वेगळा पक्षी नाही, गुलाबी रंग खाण्यातून हळूहळू येतो. पाऊस जवळ आला की मात्र हे निघतात, त्यामुळे दिसतीलच असं लिहून देत नाही.

सोलापूरहून पहाटे निघून काही जमायचं नाही, दीडशे किमी आहे. आदल्या रात्री भिगवणजवळच्या कुंभारगावात मुक्काम करा, तिथल्याच लोकांनी राहायची सोय केलीये, जेवायला चिलापी माशाचं कालवण आणि भाकरी, मला तर निम्मी ट्रिप त्यासाठीच करावीशी वाटते. सकाळी सहाला होडीत बसा, साडेनऊला परत. नऊनंतर पाण्यावरून अशा झळा उठतात की कितीही भारी लेन्स लावा, पक्षी उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखा येतो. मी एकदा हट्टाने अकरापर्यंत थांबले आणि दोन दिवस ताक पीत घरात पडून होते. अजून एक, उन्हाळ्यात पाणी लांब गेलेलं असतं, होडीपर्यंत भेगाळलेल्या गाळातून चालावं लागतं, तेव्हा चप्पल नको, बूट घाला.

प्रश्न : भिगवणजवळच्या भादलवाडीच्या तलावात बाभळींवर चित्रबलाक करकोच्यांची घरटी बघितली. पुस्तकात पाय गुलाबी लिहिलेत, मला पांढरे दिसले. वेगळी जात आहे का? – एक वाचक, बारामती

उत्तर : जात तीच हो. ऊन वाढलं की हे पक्षी स्वतःच्या पायांवर पातळ शिटतात, ते वाळताना पाय गार होतात आणि वर चुना फासल्यासारखा थर राहतो. घाण वाटतं, पण त्यांचा कूलर आहे तो. भर दुपारी पुन्हा बघा, पंख अर्धे पसरून पिल्लांवर सावली धरून उभे असतात.

प्रश्न : एप्रिलमध्ये बॅकवॉटरमधल्या छोट्या बेटावर उतरलो, तर जमिनीवर ठिपक्यांची तीन अंडी! वर पिवळ्या चोचीचा, काळ्या टोपीचा पक्षी ओरडत झेपा घेत होता. अर्धा तास थांबून मस्त फोटो काढले, सोबत पाठवतोय. कोणता पक्षी? – एक वाचक, पुणे

उत्तर : नदी सुरय. पाणी उतरून बेटं उघडी पडली की हा तिथे घरटं करतो, घरटं म्हणजे काय तर मातीत नुसता खळगा. आता तुम्हाला राग येईल पण सांगते, उन्हाळ्यात तो अंड्यांवर बसतो ते ऊब द्यायला कमी आणि उन्हापासून वाचवायला जास्त, पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतो आणि अंडी गार ठेवतो. तुम्ही अर्धा तास तिथे, म्हणजे तो अर्धा तास हवेत, आणि अंडी तापलेल्या जमिनीवर उघडी. शिवाय पिल्लं माणूस दिसला की हलतच नाहीत, मातीच्याच रंगाची, पायाखाली आली तरी कळत नाही. छोटा आर्ली पण असाच उघड्यावर अंडी घालतो. होडीवाला म्हणाला "उतरा साहेब, काय होत नाय" तरी उतरायचं नाही, होडीतूनच बघायचं, टिप तेवढीच द्या म्हणजे त्यालाही वाईट वाटणार नाही.

फोटो खरंच सुंदर आलाय. छापत मात्र नाहीये.