एका कुंडीतली वीस रोपं म्हणजे वीस नमुने नव्हेत

प्रश्न : मी नाशिकरोडला राहतो, अकरावी सायन्सला आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी गच्चीवर मेथीच्या दोन कुंड्या लावल्या. एकीला पाण्यात मिसळलेलं गोमूत्र दिलं, दुसरीला काहीच नाही. प्रत्येकीत वीस रोपं होती. गोमूत्राची रोपं सरासरी ३ सेंटिमीटरनं उंच निघाली. परीक्षक म्हणाले, "यातून काही सिद्ध होत नाही," आणि पुढे गेले. मला जीवशास्त्रात संशोधन करायचं आहे, पण आता वाटतं ते मला जमणार नाही. घरचे म्हणतात, नीट (वैद्यकीय प्रवेशपरीक्षा) द्यायची तर गणित सोड. काय करू?

उत्तर : परीक्षकांचं म्हणणं बरोबर होतं, पण ते का बरोबर आहे हे सांगायला त्यांनी तुला पाच मिनिटं द्यायला हवी होती. ती आपण इथे घेऊ.

तुझ्याकडे रोपं चाळीस होती, पण प्रयोगाच्या हिशेबानं नमुने दोनच. गोमूत्र तू रोपाला नाही, कुंडीला दिलंस. कुंडीतली वीसही रोपं एकच माती, एकच ओल, एकच ऊन वाटून घेतात. ज्याला उपचार स्वतंत्रपणे दिला जातो ते प्रयोगाचं एकक, आणि तुझं एकक कुंडी होती. एक कुंडी कठड्याच्या सावलीत आणि दुसरी भर उन्हात असेल, तर ते ३ सेंटिमीटर सावलीमुळेही आले असतील. कमी उजेडात रोप उंच होतं, पण किडकिडीत. म्हणूनच नुसती उंची हे माप फसवं. या चुकीला स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली 'स्यूडोरेप्लिकेशन', म्हणजे खोटी पुनरावृत्ती, असं नाव दिलं, आणि ती त्यांनी छापून आलेल्या शोधनिबंधांतच दाखवली होती. तेव्हा अकरावीत ती झाली म्हणून संशोधन सोडायचं कारण नाही.

दुसरी अडचण 'काहीच नाही' या शब्दांत आहे. गोमूत्राबरोबर पहिल्या कुंडीला जास्तीचं पाणीही मिळालं. तुलनेच्या कुंडीला तेवढंच पाणी, त्याच वेळी द्यायला हवं. आणि गोमूत्रात युरिया असतो, म्हणजे नत्र (नायट्रोजन). रोपं नत्रामुळे वाढली की गोमूत्रातल्या आणखी कशामुळे, हे कळायला तिसरी कुंडी हवी : तेवढंच नत्र, पण खताच्या युरियातून. समजा तुझ्या गोमूत्रात १ टक्का नत्र आहे. मग ५ मिलिलिटरमध्ये सुमारे ५० मिलिग्रॅम नत्र आलं. युरिया खतात ४६ टक्के नत्र असतं, म्हणून १०९ मिलिग्रॅम युरिया लागेल. प्रत्यक्षातला आकडा गायीगणिक आणि चाऱ्यागणिक बदलतो, म्हणून नमुना तपासून घे. एवढा कमी युरिया घरच्या काट्यावर मोजता येत नाही, १.०९ ग्रॅम युरिया पाण्यात विरघळवून एक लिटर द्रावण कर आणि त्यातलं १०० मिलिलिटर वापर.

आणि मेथी नको. ती शिंबावर्गातली, तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र तिला मिळवून देतात. नत्राचा परिणाम तपासायला असं पीक घेतलं तर खरा फरकही झाकला जाऊ शकतो. पालक घे. फक्त पालकाचं एक बी म्हणजे पुष्कळदा दोन-तीन बियांचा जोडगोळा असतो आणि त्यातून तितकी रोपं फुटतात, म्हणून विरळणी, म्हणजे जास्तीची रोपं उपटणं, चुकवू नकोस.

आता मांडणी. २४ सारख्या कुंड्या, सहा इंची. माती एकाच ढिगात कालवून मग भरायची. प्रत्येकीत १५ बिया आणि दहाव्या दिवशी विरळणी करून ८ रोपं. तीन-तीन कुंड्यांच्या आठ ओळी कर. पहिली ओळ कठड्याजवळ, शेवटची कठड्यापासून सर्वांत लांब, म्हणजे एका ओळीतल्या तिन्ही कुंड्यांना ऊन-वारा सारखा मिळेल. ओळीत कुठल्या जागी काय येणार हे प्रत्येक वेळी चिठ्ठ्या टाकून ठरव. डोळ्यांनी निवडलंस तर नकळत चांगली कुंडी गोमूत्राकडे जाते. विरळणीनंतर आठवड्यातून एकदा, तीन आठवडे : एकीला १०० मिलिलिटर साधं पाणी, दुसरीला ५ मिलिलिटर गोमूत्र आणि ९५ मिलिलिटर पाणी, तिसरीला युरियाचं द्रावण. एरवीचं पाणी सगळ्यांना मोजून सारखं. गोमूत्र विरळ न करता दिलंस तर क्षार आणि अमोनियानं कोवळी मुळं करपतात. पाणी जास्त झालं तर रोपं बुडाशी कुजून आडवी होतात.

निफाडच्या द्राक्षबागेतही चाचणी अशीच आखावी लागते, कारण उताराच्या वरची आणि खालची जमीन सारखी नसते. पुनरावृत्ती, चिठ्ठ्या आणि तुझ्या ओळींसारखे सारख्या जागेचे गट ही तत्त्वं रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेतीप्रयोगांवर काम करताना मांडली. ते तिथे १९१९ साली रुजू झाले होते. आपल्याकडच्या कृषी विद्यापीठांत या मांडणीला 'यादृच्छिक गट रचना' म्हणतात.

काय मोजणार हे बी पेरण्याआधी वहीत तारखेसह लिही आणि शिक्षकांची सही घे. मी म्हणेन, कुंडीतल्या सगळ्या रोपांचं वाळवलेलं वजन, मातीवरच्या भागाचं. कॉलेजच्या ओव्हनमध्ये ७० अंश सेल्सिअसला ४८ तास ठेवायचं आणि वजन स्थिर झाल्याची खात्री करायची. वजन करणाऱ्याला फक्त कुंडीचा क्रमांक दिसावा. एखादी कुंडी कबुतरांनी उकरली तर ती गाळायची की नाही, हा नियमही आधीच लिहून ठेव. निकाल पाहून कुंडी गाळली तर तो प्रयोग राहत नाही.

शेवटी प्रत्येक ओळीत गोमूत्राची कुंडी साध्या पाण्याच्या कुंडीपेक्षा भारी आहे का ते बघ. परिणाम काहीच नसता तर हे नाणेफेकीसारखं झालं असतं. आठपैकी आठही ओळींत भारी निघण्याची शक्यता २५६त १; सात किंवा जास्त ओळींत २५६त ९, म्हणजे साडेतीन टक्के; सहा किंवा जास्त ओळींत २५६त ३७, म्हणजे चौदा टक्क्यांच्या वर. सहा ओळींवर विश्वास ठेवायचा नाही, हे तुला आता आकड्यात सांगता येईल. मग हीच तुलना युरियाशी कर. खरा प्रश्न तिथेच आहे.

हे गणितच आहे, आणि म्हणून गणित सोडू नकोस. नीटला गणित लागत नाही हे खरं, पण गणित घेतल्यानं नीटची वाटही बंद होत नाही. पुण्याच्या आयसरसारख्या विज्ञान संशोधन संस्थांच्या पाच वर्षांच्या बीएस-एमएससाठी जी आयएटी ही प्रवेशपरीक्षा असते, तिच्या ६० प्रश्नांत भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्राचे १५-१५ प्रश्न येतात. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. भुवनेश्वरच्या नायसर या तशाच संस्थेसाठी नेस्ट ही वेगळी परीक्षा आहे. दोन्हीकडे जमलं नाही तर नाशिकलाच बीएस्सी करून पुढे एमएस्सीच्या प्रवेशासाठी आयआयटी जॅम या परीक्षेचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर देता येतो. एमएचटी-सीईटीतून बीएस्सी कृषीला गेलास तर अशा मांडण्या शेतावरच शिकशील. एमबीबीएसला गेलास तरी हे सुटत नाही : भारतात औषधांच्या चाचण्या सुरू होण्याआधी सीटीआरआय या नोंदवहीत नोंदवाव्या लागतात, २००९पासून ते सक्तीचं आहे. तुझ्या वहीतली ती सही घ्यायची तीही याच कारणासाठी : काय मोजायचं हे निकाल पाहून बदलता येऊ नये.

पालक थंडीत चांगला येतो, नोव्हेंबरात पेर. घरी बोलताना आयएटीचा एक जुना पेपर सोबत घेऊन बस आणि त्यातले गणिताचे १५ प्रश्न त्यांना दाखव.