गोव्यात कॅम्पर करायचा तर ईकोपासून सुरुवात करा

कॅम्पर म्हणजे आत झोपायची सोय केलेली गाडी. दोन मुलं आणि तुम्ही दोघं एवढेच असाल तर ट्रॅव्हलरसारख्या मोठ्या मिनीबसच्या मागे लागू नका. डिचोली-साखळीकडच्या वाड्यांतले रस्ते आठवा, समोरून बस आली की मोठी गाडी मागे घेताना दमछाक होते. मारुती ईको 3675 मिलिमीटर लांब, चोर्ला घाटातही हाताबाहेर जात नाही. मात्र इंजिन पुढच्या सीटखाली आहे. घाट चढून आलात की तिथला भाग चांगलाच तापतो, म्हणून मुलांचं अंथरूण मागेच घाला. चौघं आत मावणार नाहीत. मागच्या दाराला जोडायचा तंबू घ्याच.

बेड मात्र उचलून बाहेर काढता येईल असाच करा. सीट काढून पक्कं फिटिंग केलंत तर गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. आधी आरटीओत विचारा, मग सुताराला बोलवा. प्लायवुड आयएस 710 शिक्क्याचंच, म्हणजे पाण्यात टिकणारं मरीन प्लायवुड घ्या आणि कापलेल्या कडांना वॉर्निश मारून घ्या. आपल्या पावसात पाणी कडेतूनच शिरतं आणि पापुद्रे सुटतात.

एसीचा नाद सोडा. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण 1200 वॉट-तास. 20 वॉटचा पंखा रात्रभर चालवून भरपूर उरते. खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी हवीच, बंद काचांत मुलं घामाने झोपणार नाहीत.

किनाऱ्यावर स्टोव्ह पेटवू नका. पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाकाला 2019पासून बंदी आहे, दंड होतो. जेवण घरून बांधून न्या.